विश्लेषण : पऱ्हाटीची राख नको, कोळसा हवा!

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भात पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवली जाते. गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडायचा तर पऱ्हाटी शेतात ठेवून चालत नाही, हे खरेच. पण ती जाळणे हाच उपाय आहे का? त्याच पऱ्हाटीपासून सांडपाणी शुद्ध करणारा सक्रिय कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, तयार होऊ शकतो.

हा कोळसा वेगळा कसा?

फरक छिद्रांचा आहे. काडीकचरा अपुऱ्या हवेत ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवला की साधा कोळसा मिळतो. त्यावर ८०० ते १००० अंशांना वाफ सोडली की असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. दुसरी रीत फॉस्फरिक आम्लाची. तिला उष्णता कमी लागते. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर भरतो. कापड रंगाईतले रंग, फिनॉल यांचे रेणू त्यालाच चिकटून राहतात.

मग अडते कुठे?

टाकाऊ म्हणजे फुकट नव्हे. पऱ्हाटी वजनाला हलकी, पण जागा फार खाते. तोडणी, कुट्टी आणि वाहतुकीतच पैसा जातो. आम्ल वापरले तर कोळसा धुतलेल्या पाण्यावरही प्रक्रिया करावी लागते. नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम, पण तिला आधीच भाव आहे. उसाचे चिपाड कारखान्यांचे बॉयलरच खातात.

शिवाय हा कोळसा पाण्यातले क्षार काढत नाही. मैलापाण्यावरील जैविक प्रक्रियेलाही तो पर्याय नाही. त्यानंतरचा टप्पा आहे. वापरलेला कोळसा उकिरड्यावर टाकला, तर प्रदूषणाने फक्त जागा बदलली असे होईल.

काय करायला हवे?

मिथिलीन ब्ल्यूचे निळे पाणी नितळ करून दाखवणारे प्रयोग महाविद्यालयांत खूप झाले. आता कसोटी इचलकरंजीसारख्या ठिकाणी व्हावी, जिथे रंगासोबत मीठ आणि साबणही पाण्यात असतो. पऱ्हाटी दूर नेणे परवडत नाही, कोळसा नेता येतो. म्हणून भट्टी गावाजवळ, शेतकरी उत्पादक कंपनीच्या हाती हवी. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांनी आयोडीन मूल्य तपासून दर ठरवावा, खरेदीची हमी द्यावी आणि वापरलेला कोळसा परत घेण्याची सोय करावी.

जाळू नका, एवढे सांगून भागणार नाही. पऱ्हाटीचे चार पैसे हाती पडले, तरच शेतकरी काडी ओढायचा थांबेल.