चाप किती हलका?

हरभऱ्याने घाटे धरले, की कारंजा, सेलू, आर्वीकडच्या परवानाधारकांचा एकच प्रश्न आमच्याकडे येतो : ट्रिगर किती हलका करून मिळेल? मागे बहुधा नेमबाजीची बातमी असते. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. त्या प्रकारात चापाला किमान वजनाची अटच नाही, हे तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्याच आंतरराष्ट्रीय नियमांत 300 मीटरच्या स्टँडर्ड रायफलीला दीड किलो, राही सरनोबत खेळते त्या 25 मीटर पिस्तुलाला एक किलो आणि एअर पिस्तुलाला 500 ग्रॅमची किमान मर्यादा आहे, ते कुणी सांगत नाही. शिवाय रेंजवर उजेड असतो आणि लक्ष्य जागचं हलत नाही. धुऱ्यावर जागल करणाऱ्याच्या पायाखाली ढेकळं, बोटं गारठलेली, आणि रानडुक्कर खसखसलं की छातीत धडधड. गारठलेल्या बोटाला पाचशे ग्रॅम कळतसुद्धा नाहीत.

म्हणून आमचं मत असं : शेतात वापरायच्या रायफलीचा चाप दीड किलोच्या खाली नेऊ नये. रात्रीच्या जागलीला दोन किलोही जड नाहीत. 12 बोरच्या दुनळीसाठी जुन्या विलायती कारागिरांचा ठोकताळा अजून चालतो. पुढचा चाप बंदुकीच्या वजनाच्या निम्मा, मागचा त्याहून थोडा जड, म्हणजे पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरी नळी उडत नाही.

खरं तर तक्रार वजनाची असते आणि दुखणं भलतंच निघतं. 315 बोरची रायफल ली-एनफिल्डच्या घराण्यातली. तिचा चाप आधी मोकळा येतो, मग अडतो, मग सुटतो. अडल्यानंतर तो खरखरत, रखडत सुटत असेल तर बोटाला तीन किलोही पाच वाटतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पातळ तेल ओघळून जातं, जाड तेल धूळ धरून चिकट होतं, आणि हिवाळ्यात तोच थर सिअरवर, म्हणजे चाप ओढेपर्यंत कळ अडवून धरणाऱ्या खिटीवर, गोंदासारखा बसतो. आधी कारागिराकडून कळ धुऊन, कोरडी करून, तेलाचं नुसतं बोट लावून घ्या. पुष्कळ चाप तेवढ्यावरच सुधारतात. मग मोजा. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नळी उभी धरून, गेज चापाच्या मध्यावर लावून पाच वेळा. पाचही आकडे जवळपास आले तर कळ निरोगी. एकदा दीड आणि एकदा अडीच दाखवत असेल, तर वजन कमी करण्याचा विषयच सोडा. घासणारे पृष्ठभाग बिघडलेत.

इथेच घरची कानस बाहेर येते. सिअरच्या पोलादाला वरून कठीण केलेलं पातळ कातडं असतं. ते कानशीने उडालं की खालचा मऊ धातू प्रत्येक बाराला झिजतो, आणि दीड किलोवर आणलेला चाप पुढच्या हंगामात आपोआप एकवर येतो, मालकाला न सांगता. स्प्रिंग कापणारेही आहेत. दुरुस्तीला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तो उगाच नव्हे.

काम झाल्यावर रिकाम्या बंदुकीचा बोल्ट जोरात बंद करून पाहावा, कुंदा रबरावर आपटून पाहावा, सेफ्टी लावून चाप ओढावा आणि मग सेफ्टी काढावी. यातल्या एकाही वेळी कळ सुटली तर ती बंदूक परत देऊ नये. कारखान्यातून आलेल्या चापाचीही हमी नसते. 2014 मध्ये रेमिंग्टनला एका प्रकारच्या ट्रिगरच्या रायफली परत बोलवाव्या लागल्या, जोडणीत जास्त चिकटद्रव्य गेलं म्हणून.

चापाला वजन का हवं, ते एका वाघिणीच्या मरणातून कळतं. ब्रह्मपुरीहून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेल्या वाघिणीला ठार मारण्याचा आदेश 2017 मध्ये निघाला होता. बंदूकधारी तिच्या मागावर होते. ती मेली ती कारंजा तालुक्यातल्या एका वावराच्या कुंपणात सोडलेल्या विजेने. ती तार रानडुकरासाठी होती. तारेला डुक्कर, वाघीण, शेजाऱ्याचं पोरगं यांतला फरक कळत नाही. रोही-रानडुकराच्या पारधीला वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली लेखी परवानगी मागावी लागते, ती बंदूकधाऱ्याला मिळू शकते, कारण चाप ओढण्याआधी माणूस बघतो आणि ठरवतो. चाप इतका हलका केला की ठरण्याआधीच बार निघेल, तर ती बंदूक आणि ती तार यांत काय उरलं?

परवानाधारक कारागिरांना एक विनंती आहे. दुरुस्तीच्या पावतीवर चापाचे तीन आकडे लिहून द्या : आला तेव्हाचा, दिला तेव्हाचा आणि पाच मोजण्यांतला सर्वांत कमी. दीड किलोच्या खालचं काम नाकारलंत, तर तेही त्याच पावतीवर लिहा. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, तरी पावती त्याच्याकडे राहते.