टेनिसनबाईंची उमेदवारी

रहस्यकथेच्या वाचकाला शेवट आधीच ठाऊक असणे हे त्या वाङ्मयप्रकारावरचे मोठे गंडांतर, अशी समजूत रूढ आहे. आणि तरीही लिंडा ला प्लांट यांनी २०१५ साली ‘टेनिसन’ ही पूर्वकथा प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या नायिकेचे भवितव्य प्रेक्षकांनी पडद्यावर केव्हाच पाहून घेतले होते. ‘प्राइम सस्पेक्ट’ ही त्यांचीच मालिका १९९१ मध्ये सुरू झाली, आणि हेलन मिरेन यांनी उभ्या केलेल्या जेन टेनिसन या वरिष्ठ तपास अधिकारी बाईला हाताखालच्या पुरुषांचा उघड असहकार, वरिष्ठांची उपेक्षा, मद्य आणि एकाकीपणा यांतून निवृत्तीपर्यंत नेऊन ती २००६ मध्ये संपली.

कादंबरी १९७३ सालच्या पूर्व लंडनमधील हॅकनी ठाण्यात घडते. बावीस वर्षांची जेन तेथे उमेदवारीवर रुजू झाली आहे, आणि ज्या खात्यात स्त्री-शिपायांचा विभाग तोवर निराळा ठेवला गेला होता, त्या खात्याच्या पुरुषी दिमाखात, सहकाऱ्यांचे पूर्वग्रह सोशीत, ती एका व्यसनाधीन तरुणीच्या खुनाच्या तपासात ओढली जाते. खुनी कोण हा प्रश्न आहेच. परंतु मालिका पाहिलेल्या वाचकाचे चित्त तेथे फारसे गुंतत नाही. ही बुजरी मुलगी पुढे एवढी करारी अंमलदार कोणत्या दिवशी, कोणत्या अपमानाने झाली, याचाच तो पानोपानी शोध घेत राहतो. तो एकच निर्णायक दिवस लेखिकेने दाखवला नाही, हे मी त्यांचे शहाणपण समजतो. हुद्दे जसे पायरीपायरीने चढतात तसाच स्वभावही घडतो, आणि त्यासाठी त्यांनी २०२४ पर्यंत दहा कादंबऱ्या खर्ची घातल्या.

बँकेच्या दरोड्याचे समांतर कथानक मात्र मला उपरे वाटले. (१९८३ च्या ‘विडोज’ या मालिकेपासून दरोडेखोरांशी ला प्लांटबाईंचा स्नेह जुनाच!)

२०१७ मध्ये या कादंबरीवर सहा भागांची मालिका निघाली, पण निर्मात्यांशी मतभेद होऊन खुद्द लेखिकाच त्यातून बाजूला झाल्या, आणि वाहिनीने पुढचे पर्व काढले नाही. पडद्यावर जे अर्धवट राहिले ते पुस्तकांत पुरे झाले आहे. ज्यांनी मिरेनबाईंची टेनिसन पाहिलेली नाही, त्यांनी निदान १९९१ ची पहिली कथा आधी पाहावी आणि मगच ही कादंबरी हाती घ्यावी.