सोनेरी निवडुंग : दहा वर्षांत वीतभर

झाडाची हौस पुष्कळांना असते. पण चाळीच्या गॅलरीत जागा नसते आणि नोकरीमुळे सवड नसते. अशा घरांना आम्ही गोल्डन बॅरल हा निवडुंग सुचवतो. चेंडूसारखा गोल, अंगावर उभ्या कडा आणि कडांवर सोनेरी काटे. मात्र वाढ फार सावकाश. दहा वर्षांत जेमतेम वीतभर. त्यामुळे असे रोप मेले, तर पैशांबरोबर कित्येक वर्षांची वाढही वाया जाते.

हा मूळचा मेक्सिकोचा. १८८६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले, ते जर्मनीतील माग्डेबुर्गचे कारखानदार हेर्मान ग्रुझोन यांच्यावरून. त्यांचा वनस्पतिसंग्रह त्यांच्या निधनानंतर शहराला मिळाला आणि १८९६ पासून सामान्य माणसालाही पाहता येऊ लागला. मायदेशी मात्र या निवडुंगावर संकट आले. १९९० च्या दशकात सिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याची बरीच वस्ती गेली. चोरून उपटणाऱ्यांनीही नुकसान केले. आज रानात तो संकटग्रस्त आहे. म्हणून बियांपासून वाढवलेलेच रोप नर्सरीतून घ्यावे.

तिकडे त्याला धरणाने बुडवले. आपण घरी तांब्याने बुडवू नये! निवडुंग तहानेने क्वचित मरतो, कुजून मरतो. खाली भोक असलेली मातीची कुंडी घ्या. निम्मी जाडी वाळू व विटांचे बारीक तुकडे, उरलेल्यात माती आणि थोडे जुने शेणखत. माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्या. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, आडोशाला पण उजेडात ठेवा आणि पाणी जवळजवळ बंद करा. बुंधा मऊ, तपकिरी झाला की रोप सहसा वाचत नाही.

रोज चार-पाच तास ऊन हवे. पण सावलीतले रोप एकदम कडक उन्हात नेऊ नये, करपते. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. कुंडी बदलताना वर्तमानपत्राची जाड घडी रोपाभोवती गुंडाळून उचलावे, आणि नंतर आठवडाभर पाणी देऊ नये.

एक सावधगिरी. छोट्या रोपावर रंगीत फूल पाहून भुलू नका. गोल्डन बॅरलला पिवळी फुले येतात, ती बहुधा पंधरा-वीस वर्षांनी, आणि कुंडीत तर क्वचितच. लिंबाएवढ्या रोपावरचे फूल बहुतेक डिंकाने चिकटवलेले असते.

मूल पहिलीत गेले की असे एक रोप त्याच्या स्वाधीन करा. पाणी घातल्याची तारीख वहीत लिहायला लावा. ते दहावीला बसेल तेव्हा निवडुंग वीतभर झालेला असेल, आणि मुलालाही नेमाची सवय लागलेली असेल.