आधी नगाचा भाव, मग प्रिंटर!

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "यंत्रकाका, मी आणि माझा धाकटा भाऊ चित्रं काढतो. जूनमध्ये आम्ही वहीवर लावायचे नावाचे स्टिकर दुकानातून छापून आणले. वर्गात सगळ्यांना लई आवडले. आता पुष्कळ जण मागतात. बाबा म्हणतात, दिवाळीचा बोनस आला की प्रिंटर घेऊ. आई म्हणते, त्याच पैशांत शिलाई मशिनला मोटर बसवायची आहे. टिकाऊ आणि स्वस्त प्रिंटर कोणता? नुसतं नाव सांगा, बाबा लगेच घेतील."

नाव सांगणं सोपं आहे गं! पण तुझ्या घरात एकाच बोनसवर दोन यंत्रांचा डोळा आहे. तेव्हा नावाच्या आधी हिशेब मांडू. बाकीच्यांनीही कागद-पेन्सिल घेऊन बसा.

उद्यमनगरचा धडा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे. तिथं लेथ चालतात, सुटे भाग तयार होतात. तिथल्या एखाद्या कारखानदाराला विचारा, "काका, हे यंत्र स्वस्त की महाग?" ते उलट विचारतील, "एक नग काढायला किती पडतात ते सांग!" यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते. नगाचा खर्च मात्र रोज द्यावा लागतो. प्रिंटरचंही अगदी तसंच आहे, बरं का!

घरगुती प्रिंटर तीन जातींचे असतात. पहिला कार्ट्रिजवाला. त्यात शाईच्या छोट्या डब्या बसतात. यंत्र स्वस्त, पण शाई महाग. दुसरा टाकीवाला, म्हणजे इंक टँक. याला शाईच्या टाक्या असतात आणि बाटलीनं शाई भरायची. यंत्र महाग, शाई स्वस्त. तिसरा लेसर. त्यात पातळ शाई नसतेच, टोनर नावाची बारीक पूड असते.

आता नगाचा भाव काढू. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी गोल आकडे धरतो. तुम्ही आपल्या जवळच्या दुकानातले आकडे घाला.

स्टिकरचा ए-फोर कागद १० रुपयांना एक. कार्ट्रिजवाला प्रिंटर ४,००० रुपयांचा आणि रंगानं भरलेल्या एका पानाला २० रुपयांची शाई. टाकीवाला १२,००० रुपयांचा आणि पानाला ३ रुपयांची शाई. दुकानात कागदासकट छपाई ३० रुपये.

कार्ट्रिजवाल्याचं पान पडलं १० अधिक २०, म्हणजे ३० रुपयांना. अरेच्चा! दुकानातही तेवढेच! मग त्या ४,००० रुपयांचं काय? ते कधीच फिटत नाहीत. सगळ्यांत स्वस्त दिसणारं यंत्रच सगळ्यांत महाग पडलं की!

टाकीवाल्याचं पान १३ रुपयांना, म्हणजे दर पानाला १७ रुपये वाचले. १२,००० ला १७ नं भागा. सुमारे ७०६ पानं छापली की यंत्राचे पैसे वसूल. महिन्याला ८ पानं छापलीत तर त्याला सात वर्षांहून जास्त लागतील. तोवर तू कॉलेजातून बाहेर पडलेली असशील! पण महिन्याला ४० पानं असतील तर दीडेक वर्षात काम झालं.

म्हणून पहिला प्रश्न "कोणता प्रिंटर?" हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, "महिन्याला किती पानं?"

खोक्यावरचा आकडा

दुकानदार खोकं दाखवून म्हणेल, "एका बाटलीत हजारो पानं निघतात!" तो खोटं बोलत नाही. पण ती पानं ठरावीक नमुन्याची असतात आणि त्यांवर पुष्कळ जागा कोरी असते. तुमच्या स्टिकरवर मात्र निळं आभाळ, हिरवा पन्हाळा आणि काठोकाठ भरलेला रंकाळा! कोरी जागा कुठं उरली? तेव्हा खोक्यावरचा आकडा स्टिकरसाठी धरायचा नाही. निम्मी पानं निघाली तरी नशीब समजा.

पोटात काय चालतं?

शाईच्या प्रिंटरच्या डोक्याला केसाहूनही बारीक छिद्रं असतात. त्यांतून उडणारा एक थेंब केवढा? एका लिटरचे एक लाख कोटी भाग करा. त्यांतले काही मोजके भाग म्हणजे एक थेंब!

हे थेंब उडवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीची गंमत ऐका. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगची तापलेली कांडी चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई फुर्रकन उडाली. उष्णतेनं बुडबुडा होतो आणि शाई ढकलतो, हे त्यातून सुचलं. कॅनन आणि एचपीचे घरगुती शाईचे प्रिंटर अशा बुडबुड्यावर चालतात. एपसन आणि ब्रदर यांची तऱ्हा वेगळी. त्यांत एक स्फटिक असतो. वीज दिली की तो वाकतो आणि शाई दाबतो.

दोन्ही तऱ्हांचा शत्रू एकच, वाळलेली शाई. महिनाभर प्रिंटर झाकून ठेवला की छिद्रं बुजतात. मग 'क्लीनिंग' करायचं आणि त्यात आणखी शाई वाया घालवायची. ही वाया गेलेली शाई प्रिंटरच्या आत एका शोषून घेणाऱ्या गादीत जाते. गादी भरली की प्रिंटर संप करतो! काही प्रिंटरांत या गादीची डबी घरीच बदलता येते. घेताना हे जरूर विचारा.

तेव्हा ज्याला वर्षातून दोनदाच, जूनमध्ये आणि गणपतीत, छापायचं आहे त्यानं शाईचा प्रिंटर घरी आणून उपाशी ठेवू नये. घेतलाच तर दर आठवड्याला एक लहानसं रंगीत चित्र छापावं.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रिंटर बंद करताना त्याचंच बटण दाबायचं. भिंतीवरचा खटका फटकन बंद करायचा नाही. स्वतःच्या बटणानं बंद झाला की प्रिंटर आपलं डोकं जागेवर नेऊन त्यावर टोपी घालतो. मध्येच वीज गेली तर डोकं उघडंच राहतं आणि शाई वाळते. वीज परत आली की एकदा चालू करून नीट बंद करा.

पाण्याची परीक्षा

वहीवरचा स्टिकर कोल्हापूरच्या पावसात दप्तरातून जाणार. पाण्याच्या बाटलीवरचा तर रोजच भिजणार. म्हणून शाई कोणती, हे बघायलाच हवं.

शाई दोन प्रकारची. डाय शाई पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळलेली असते. रंग झकास दिसतात, पण साध्या कागदावर पाणी पडलं की ओघळतात. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून पाण्याला आणि उन्हाला जास्त टिकतात. घरच्या पुष्कळ टाकीवाल्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात. काळ्या अक्षरांत नाव ठळक राहील, पण शेजारचा लाल फेटा वाहून जाईल!

यावर उपाय आहे. छापलेलं पान पूर्ण वाळू द्या आणि मगच त्यावर पारदर्शक चिकट फिल्म, म्हणजे कोल्ड लॅमिनेशन, लावा. कापताना फिल्मची थोडी कड चित्राबाहेर राहिली तर पाणी बाजूनंही शिरत नाही. या फिल्मचा खर्चही नगाच्या भावात धरा हं!

लेसरच्या टोनरला पाण्याची भीती कमी. ती पूड सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेनं वितळून कागदाला चिकटते. पण रंगीत लेसर महाग असतो. एकरंगी लेसर त्या मानानं स्वस्त. त्याच्यावर काळ्या रेषांचे स्टिकर छापून हातानं रंगवता येतील. मात्र लेसरमध्ये फक्त 'लेसरसाठी' असं लिहिलेलाच स्टिकर कागद घालायचा. दुसरा घातला तर उष्णतेनं वितळून आतल्या रुळाला चिकटेल आणि दुरुस्तीचं बिल बाबांच्या हाती येईल.

कागद वळतो कुठून?

ही गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगतो. स्टिकर कागद तीन थरांचा असतो. वर छपाईचा कागद, मध्ये गोंद आणि खाली गुळगुळीत मेणचट कागद. काही प्रिंटरांत कागद पुढच्या खणातून आत जातो, कोलांटी उडी मारतो आणि पुन्हा पुढूनच बाहेर येतो. साध्या कागदाला चालतं. जाड स्टिकर कागदाला उडी मारायला लावली की त्याची कड सुटते आणि तो आत अडकून बसतो.

म्हणून ज्यात कागद मागून, वरच्या बाजूनं घालता येतो असा प्रिंटर बघा. आणि अर्धे स्टिकर काढलेलं पान पुन्हा आत घालू नका. उघडा गोंद रुळाला चिकटलाच म्हणून समजा!

पावसाळ्यात कागद सर्द होतो, कडा वळतात. उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून सपाट ठेवा. चकचकीत कागदावर छापताना कॉम्प्युटरवर कागदाचा प्रकारही तसाच निवडा. साध्या कागदाच्या खुणेवर छापलंत तर काळी शाई वरच बसते आणि बोटाला लागते.

दुकानात जाताना

आता ही चिठ्ठी उतरवून घ्या.

१. नगाचा भाव काढला का? कागद, शाई, फिल्म आणि फुकट जाणारी पानं, सगळं धरून?
२. शाईची बाटली गावात मिळते का? किती रुपयांना?
३. दुरुस्ती कोल्हापुरातच होते, की यंत्र पुण्याला पाठवावं लागतं?
४. हमी किती वर्षांची आणि किती पानांची? दोन्हींपैकी जे आधी संपेल ते, अशी अट असू शकते.
५. कागद मागून घालता येतो का? जाड कागद चालतो का?
६. आपला स्टिकर कागद नेऊन दुकानातल्या यंत्रावर एक पान छापून दाखवतील का?

ते छापलेलं पान घरी आणा. दुसऱ्या दिवशी त्याचे तीन तुकडे करा. एकावर पाण्याचा थेंब टाका, एक उन्हात खिडकीला लावा, एक वहीत ठेवा. आठ दिवसांनी तिन्ही शेजारी ठेवून पाहा. जाहिरातीपेक्षा हे तुकडे खरं बोलतात.

चित्र कुणाचं?

टीव्हीवरच्या कार्टूनचं चित्र छापून विकायचा मोह होईल. तो टाळा. ते चित्र कुणाच्या तरी मालकीचं असतं. परवानगीशिवाय विकणं कायद्याला धरून नाही. आणि उसनं चित्र हवं कशाला? आपलं गाव कलापूर! इथंच बाबूराव पेंटरांनी १९१८ साली आपल्या सोबत्यांसह सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. यंत्राचं पोट त्यांनी समजून घेतलं होतं आणि चित्रही त्यांचंच होतं. तुमच्या स्टिकरवर कुस्तीचा आखाडा येऊ द्या, गुळाची ढेप येऊ द्या, करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल येऊ द्या. अशी चित्रं बाजारात तयार मिळत नाहीत, म्हणूनच ती विकली जातील.

मग आमच्या मैत्रिणीनं काय करावं?

तू पत्रात महिन्याला किती पानं लागतील ते लिहिलं नाहीस. बहुधा मोजलीच नसशील. तेव्हा आत्ता प्रिंटर घेऊ नकोस. सहा महिने दुकानातूनच छापून आण. एका वहीत तीन रकाने आख. मागणी किती आली, छापले किती, पैसे किती सुटले. एका पानात १२ स्टिकर बसले तर ३० रुपयांच्या पानाचा एक स्टिकर अडीच रुपयांना पडतो. तो कितीला विकायचा ते तू आणि भाऊ मिळून ठरवा.

सहा महिन्यांनी वही बाबांपुढं ठेव. महिन्याला ३०-४० पानांची मागणी सतत दिसली तर मागून कागद घेणारा टाकीवाला प्रिंटर घ्या. नाव कुठलंही चालेल, पण वरच्या सहा प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली पाहिजेत. मागणी आठ-दहा पानांचीच असेल तर दुकानच बरं.

आणि या दिवाळीचा बोनस? आईच्या शिलाई मशिनला काम आजच आहे. तुमच्या प्रिंटरला अजून ते मिळायचं आहे. माझं मत मोटरला! मात्र हे मत आईला ऐकवायच्या आधी बाबांना हिशेब करून दाखव बरं का, नाहीतर ते माझ्यावर रागावतील.

करून पाहा

कुठलाही रंगीत स्टिकर भिंगाखाली धरा. हिरवं पान हिरवं नसतंच! आकाशी आणि पिवळे ठिपके शेजारी-शेजारी आणि एकमेकांवर बसलेले दिसतील. आकाशी, किरमिजी, पिवळा आणि काळा, एवढ्या चार रंगांत सगळी रंगपंचमी. केशरी फेट्यात कोणते दोन रंग सापडतात ते शोधा.

या आठवड्याचं कोडं

टाकीवाला प्रिंटर १२,००० ऐवजी १०,२०० रुपयांना मिळाला, बाकी आकडे तेच राहिले, तर किती पानांनंतर पैसे वसूल होतील? आणि महिन्याला २५ पानं छापली तर किती महिने लागतील? उत्तर पोस्टकार्डावर लिहा, रीतीसकट. नुसता आकडा चालणार नाही!

तुमचा,
यंत्रकाका