शिक्का नको, खुर्ची हवी

दोस्तांनो, कोर्टाची पायरी आपल्याला नवी नाही. फिर्यादी म्हणून चढलो, आरोपी म्हणून चढलो, जामीनदार म्हणून चढलो. पण वर बसून निकाल देणारा, वकिलीची सनद नसलेला आपल्यातला साधा माणूस कधी बघितलाय?

मी सापगावचा. भातसा नदी ओलांडली की शहापूर. तहसील तिथंच, कोर्ट तिथंच. आमच्याकडं मारहाण झाली, वाटेवरून तंटा झाला, की ‘चॅप्टर’ जाते तहसीलदाराकडं. तोच कार्यकारी दंडाधिकारी. मारणारा आणि मार खाणारा एका ओळीत उभे करायचे, दोघांकडून शांततेचं बंधपत्र लिहून घ्यायचं. पूर्वी कलम १०७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १२६ आहे. नंबर बदलला, ओळ तीच.

हे असं कसं झालं ते बघा. इंग्रजाच्या १८९८ च्या फौजदारी संहितेत बिनपगारी मानद मॅजिस्ट्रेट होते. नेमले कोण? जमीनदार, शेठ, रावसाहेब. मुंबईचे जे.पी. म्हंजे जमशेटजी जीजीभाय, जगन्नाथ शंकरशेट यांच्या पंगतीतले. ज्याच्या शेतावर राबायचं, त्याच्याच पंगतीपुढं न्याय मागायचा! १ एप्रिल १९७४ ला नवी संहिता लागू झाली आणि हे मोडलं. बरं झालं. पण जागा कुणाला दिली? विशेष न्यायदंडाधिकारी व्हायचं तर सरकारी पदावर असलं पाहिजे, नाहीतर राहून गेलेलं पाहिजे. आणि २०२३ च्या संहितेनं विशेष कार्यकारी दंडाधिकारीपद पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाही खुलं केलं. शेठ गेला, साहेब आला, साहेबाच्या मागनं पोलीस आला. माणूस कुठाय?

माणसाला मिळाला रबरी शिक्का. विशेष कार्यकारी अधिकारी! त्याला ना खटला चालवता येतो, ना जामीन देता येतो. कागदाची नक्कल खरी आहे असं सांगायचं. माझ्या मार्कांवर सही घ्यायला मी एका पुढाऱ्याच्या ओटीखाली तासभर उभा राहिलेलो आहे. २०१५ साली सरकारनं स्वतःची सही चालेल म्हणून सांगितलं, तरी शिक्क्याची हाव संपत नाही. २०२५ साली पुन्हा दर ५०० मतदारांमागं एक असा अधिकारी नेमायचं ठरलं. कार्यकर्त्याला खूश ठेवायचं हे स्वस्तातलं औषध. आपलीही पोरं त्या रांगेत आहेत, याची मला चीड येते.

कारण खरी खुर्ची दुसरीकडं आहे आणि तिकडं आपलं लक्ष नाही. बाल न्याय मंडळ! अठराच्या आतल्या पोरावर गुन्ह्याचा आरोप आला की २०१५ च्या कायद्यानं ते पोर या मंडळापुढं जातं. तिथं एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. मतभेद झाला तर बहुमत चालतं. म्हंजे दोन साधी माणसं एका मॅजिस्ट्रेटला हरवू शकतात. इंग्लंडात बिनपगारी, बिनसनदी माणसं तिघं-तिघं बसून खटले निकालात काढतात. आपल्याकडं त्या जातीची ही एक जागा उरलीय.

या मंडळापुढं कोण उभं राहतं? वस्तीतलं पोर, वीटभट्टीवरचं कातकऱ्याचं पोर. त्याची भाषा, त्याची भूक, त्याच्या बापाची उचल ज्याला कळत नाही, त्याच्या हातात ते पोर सुधारगृहात धाडायचं की घरी, हा निकाल! कायद्याच्या कलम ४ मध्ये दोघांपैकी एक बाई हवी अशी अट आहे. योग्य आहे. पण एक सदस्य अनुसूचित जाती-जमातीचा हवा, अशी अट त्या कलमात नाही. ती आपण मागितली पाहिजे.

आणि मागेपर्यंत हात बांधून बसायचं नाही. डिग्री नसली तरी मुलांच्या आरोग्य, शिक्षण, कल्याणासाठी सात वर्षं काम केलेलं चालतं. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमात वयाची अट ३५ ची. निवड समितीचा अध्यक्ष हायकोर्टाचा निवृत्त जज्ज. वस्तीत अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनो, बालवाडीच्या ताईंनो, तुमची सात वर्षं कधीच भरलीत. ती कागदावर आणा. जे पंचविशीत आहेत, त्यांनी आजपासून हजेरीचं रजिस्टर ठेवा.

मोर्चात कोर्टाबाहेर घोषणा देऊच. पण आत निकाल लिहिला जाताना त्या टेबलाशी आपलं माणूस पाहिजे. शिक्क्याच्या रांगेतून बाहेर या. अर्ज भरा!