जुन्या मोटारीचे दुखणे आणि त्याचे निदान

मोटार बिघडली म्हणजे तिच्यात काय बिघडले हे विचारण्याऐवजी तिच्यात काय नवे घालावे हे विचारण्याची एक रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. गाडी अडखळते, मग प्लग बदला. तरी अडखळते, मग कॉइल बदला. तीही बदलून झाली, मग कार्बोरेटर नवा बसवा. आणि एवढ्यानेही गुण येत नाही असे दिसले, म्हणजे गाडीच जुनी झाली, ती भंगारात द्या, असा निकाल लागतो. वैद्याने नाडी न पाहता कपाटातील एकामागून एक बाटल्या रोग्यास पाजाव्या, आणि त्या संपल्यावर रोग्याचे आयुष्यच सरले असे सांगावे, त्यातलाच हा प्रकार होय. प्रस्तुत लेख ह्या रीतीविरुद्ध आहे. तो लिहिणारा कारागीर नाही, पदार्थविज्ञान शिकविणारा एक शिक्षक आहे. परंतु ह्या रीतीपायी त्याच्या घरचे बरेच द्रव्य गेले, आणि एक गाडी हातची जाता जाता राहिली, एवढा अधिकार वाचकांनी त्यास द्यावा.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. हल्लीच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी ती चित्रपटातच पाहिली असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तयार होऊ लागली, आणि त्याच गाडीस पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे एंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, चारी चाकांस ड्रमचे ब्रेक, असा तिचा साधा संसार. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या म्हणून दोन पिढ्यांनी ह्या गाड्या पाहिल्या. त्यांतील शेवटच्या २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाल्या. आमची १९९१ सालची, नांदेडच्या एमएच २६ ह्या क्रमांकाची. वडिलांनी ती घेतली आणि आईचे माहेर लातूर. तेव्हा नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर हा रस्ता त्या गाडीस घरच्या अंगणासारखा पाठ झालेला आहे.

काही वर्षांमागे, ऐन मे महिन्यात, लोह्याच्या अलीकडे ती एकाएकी बंद पडली. सेल्फ फिरे, परंतु एंजिन पकडेना. ऊन मी म्हणत होते. रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रकचालकाने आपण होऊन थांबून निदान सांगितले: उन्हाने पंपातील पेट्रोलची वाफ झाली आहे, पंपावर ओले फडके ठेवा. त्याचे म्हणणे अवास्तव नव्हते. ह्या गाडीचा पेट्रोल ओढणारा पंप एंजिनलाच लागून असतो. आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्याही पलीकडे जातो. अशा वेळी नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप तिच्यावर नुसता फडफडत राहतो. फडके ठेवले, अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, आणि आम्ही सर्वांनी ते निदान शिरोधार्य मानले. पुढे वर्षभर आम्ही जी फसगत सोसली तिचे मूळ ह्या अर्ध्या तासात आहे. उपायाने गुण आला असे आम्ही समजलो. वस्तुतः नुसता वेळ गेला होता, आणि गुण वेळेने आला होता.

त्यानंतर गाडी वरचेवर बंद पडू लागली. शहरातील एका गॅरेजात तिला नेले. तेथे प्रथम प्लग बदलले, मग पॉइंट आणि कंडेन्सर, मग कॉइल, मग पंप, आणि शेवटी कार्बोरेटर. दर वेळी चार-आठ दिवस गाडी निमूट चाले, आम्ही पैसे मोजून समाधान पावत असू, आणि पुढच्या लातूरच्या फेरीस ती पुन्हा वाटेत बसे. अखेरीस त्या गॅरेजच्या मालकाने मोठ्या सहानुभूतीने सांगितले की, आता हिच्यात काही राम राहिला नाही. आम्हीही थकलो होतो. भंगाराच्या एका व्यापाऱ्याकडून इसार घेतला. वडील काही बोलले नाहीत. मात्र त्या दिवशी संध्याकाळी ते ओसरीवर, जेथून गाडी दिसते तेथे, बसावयास आले नाहीत.

ह्याच सुमारास माझ्या कन्येची वही पुढे आली. ती तेव्हा आठवीत होती. प्रवासात तिला दुसरा उद्योग नसे म्हणून गाडी कोठे, किती वाजता, किती किलोमीटर चालून बंद पडली, पेट्रोल कोठे व किती घेतले होते, हे ती एका जुन्या वहीत टिपून ठेवी. आम्ही ह्यास पोरखेळ समजत होतो. व्यापारी गाडी नेण्यास यावयाचा होता त्याच्या आदल्या दिवशी वडिलांच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री, ज्यांस सगळे उस्ताद म्हणत, सहज घरी आले होते. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. गाडी केव्हा बंद पडते, एकदम पडते की कुंथत पडते, किती वेळाने परत सुरू होते, एवढेच ते विचारीत राहिले. मला नीट उत्तरे देता येईनात, तेव्हा मुलीने वही आणून दिली. उस्तादांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली व म्हणाले, "मास्तर, हे बघा. डिसेंबरात पहाटेच्या थंडीत पण बंद पडली ना? मग ऊन कुठलं? आणि टाकी गच्च भरली की लवकर पडती, अर्धी असली की पडतच नाही. रोग पुढं नाही, मागं आहे."

मी पदार्थविज्ञान शिकवितो, तरी हे मला सुचले नव्हते, हे येथे कबूल करणे भाग आहे. विद्यार्थ्यांनी बॉइलचा नियम आठवावा. बंद भांड्यातील हवेस जागा वाढवून दिली म्हणजे तिचा दाब त्याच प्रमाणात उतरतो. पेट्रोलच्या टाकीतून पेट्रोल जसजसे बाहेर जाते तसतशी तिच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते, आणि तेवढ्यासाठी टाकीच्या झाकणास एक सूक्ष्म छिद्र असते. ते छिद्र नसले किंवा बुजले तर? टाकी काठोकाठ भरली असता वर समजा ३ लिटर हवा आहे. २ लिटर पेट्रोल खर्चले की त्याच हवेस ५ लिटर जागा मिळाली. तिचा दाब तीन-पंचमांशावर आला. पेट्रोलची स्वतःची वाफ ह्यात थोडी भर घालते, पण थंडीत ती भर कमीच. अशा टाकीतून पेट्रोल ओढणे बिचाऱ्या पंपास झेपत नाही. उलट टाकी अर्धी रिकामी असून वर १९ लिटर हवा असली, तर २ लिटर खर्चल्याने १९ चे २१ झाले. दाबात जेमतेम दहाव्या हिश्शाचा फरक पडला, आणि पंपास त्याचा पत्ताही लागला नाही. दोन लिटरांत आमची गाडी पंचवीस किलोमीटर जाते. म्हणूनच नांदेडास टाकी भरली की लोह्याच्या अलीकडे, आणि लातुरास भरली की चाकुराच्या अलीकडे ती बसे! अर्ध्या तासात झाकणाच्या कडेने हळूहळू हवा झिरपून आत जाई आणि ती पुन्हा चालू लागे. ओल्या फडक्याचे माहात्म्य ते एवढेच. आणि गॅरेजातून आल्यावर ती चार दिवस बरी का चाले? कारण त्या दिवसांत आम्ही पैशांच्या तंगीने थोडेथोडे पेट्रोल घेऊन गावातल्या गावात फिरत असू.

उस्तादांनी तर्कावर भरवसा न ठेवता दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली, हे मला फार शिकवून गेले. टाकी भरून आम्ही लोह्याच्या रस्त्यास लागलो. ती नेमाने बंद पडली. प्रथम त्यांनी प्लगची तार काढून ठिणगी पाहिली. ठिणगी निळी व जोरकस होती, म्हणजे विजेची बाजू दोषमुक्त झाली. मग कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवून सेल्फ फिरविला. नळीतून थेंबही येईना. मग ते मागे गेले आणि टाकीचे झाकण सैल केले. फुस्स असा आवाज सर्वांनी ऐकला. पुन्हा सेल्फ फिरविताच नळीतून पेट्रोलची धार लागली. दीड-दोन वर्षांमागे एका पेट्रोलपंपावर आमचे मूळ झाकण विसरले होते. त्याऐवजी दुकानातून आणलेले झाकण आट्यांस बरोबर बसले, परंतु त्यास छिद्र नव्हते. पाच नवे भाग ज्या गाडीस विनाकारण बसले होते, तिचा रोग एका जुन्या झाकणाने गेला, आणि ते झाकण उस्तादांनी भंगाराच्या बाजारातूनच शोधून आणले. इसार परत करताना व्यापारी थोडा रागावला.

ह्या एका गोष्टीवरून सर्व मिस्त्रींस दोष देण्याचा माझा हेतू नाही. गिऱ्हाईकच घाईत असतो. "लवकर काहीतरी करा" असे म्हणणाऱ्यास काहीतरीच मिळावयाचे. शिवाय विचार करण्याची मजुरी कोणी देत नाही, बदललेल्या भागाची किंमत मात्र बिनतक्रार देतो. मग कारागिराने निदानात दोन तास का घालवावे? माझे पालकांस सांगणे आहे की, निदानाची मजुरी वेगळी ठरवा आणि ती आनंदाने द्या. दोन भाग एकाच वेळी बदलू देऊ नका, कारण मग कशाने गुण आला हे कळत नाही. काढलेला भाग मागून घ्या.

आपल्या भागातील दोन गोष्टी मात्र गाडीचे वय झाले की स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. पहिली पाण्याची. बोअरचे जड पाणी रेडिएटरात वर्षानुवर्षे ओतले की नळ्यांत क्षारांचा थर बसतो, जसा घरी पाणी तापविण्याच्या भांड्यात बसतो, आणि मग घाटात काटा वर चढला की लोक थर्मोस्टॅटला शिव्या देतात. ज्या लातुरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातुरात मोटारीस गोडे पाणी पाजा म्हणणे मलाही संकोचाचे वाटते. पण कूलंट आणि बॅटरीचे शुद्ध पाणी मिळून जे थोडे लिटर लागतात ते वर्ष-दोन वर्षे पुरतात. दुसरी गोष्ट पेट्रोलची. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस आपल्याच शेतांतला, त्याचे आम्हांस दुःख नाही. परंतु जुन्या गाडीच्या नळ्यांचे व पंपाच्या पडद्याचे रबर ह्या मिश्रणासाठी केलेले नव्हते, ते फुगते व चिरते. पेट्रोलचा वास आला तर तो जुनेपणाचा वास समजून सोडून देऊ नये. ती नळी त्याच दिवशी बदलावी, नाहीतर आग लागावयाची.

तसेच विद्यार्थ्यांस बजावून सांगतो: वही ठेवा, आवाज ऐका, प्रश्न विचारा, परंतु पेट्रोलची नळी आणि ब्रेक ह्यांस जाणत्या माणसावाचून हात लावू नका. ब्रेकच्या पेडलखाली मऊ लागले, गाडी एका बाजूस ओढली, चाकाच्या आतून तेल ओघळले, तर निदानाची चर्चा घरी करावी, गाडी चालवीत नव्हे.

जुनी गाडी ठेवावी की नाही, हा प्रश्न निराळा आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर नेले गेले. सरकारचा हेतू उघड आहे, आणि धुराचा विचार करता तो सर्वस्वी गैर म्हणता येत नाही. जिचा पत्रा गंजून सांगाडा खिळखिळा झाला आहे ती गाडी ममतेने बाळगणे हा मुलाबाळांच्या जिवाशी खेळ आहे. माझी तक्रार एवढीच की, पुष्कळ गाड्या सांगाडा गेल्यामुळे नव्हे, तर कोणी नीट विचारपूस न केल्यामुळे मरतात.

कोणी म्हणेल, नव्या गाड्यांत संगणक आहे, तो आपला दोष आपणच सांगतो. सांगतो खरा, पण किती? यंत्र जोडले की एक सांकेतिक क्रमांक दिसतो. एंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा अधिक आहे, एवढेच तो म्हणतो. हवा फाटक्या नळीतून शिरली, की पेट्रोलच कमी येते, की मोजणारे उपकरणच खोटे बोलते, हे त्याने सांगितलेले नसते. तेथेही घाईचा कारागीर उपकरण बदलून मोकळा होतो आणि नळी फाटकीच राहते. फक्त बिलाचा आकडा पूर्वीपेक्षा मोठा असतो.

आमच्या घरी ती वही अजून चालू आहे. मुलगी आता शिक्षणासाठी बाहेरगावी असते, म्हणून नोंदी वडील करतात. परवा त्यांनी लिहिले आहे: "अहमदपुरापुढे तिसऱ्या गिअरात बारीक घरघर. चौथ्यात नाही. उस्तादांस विचारणे."