हळहळ पुरे, श्रेय द्या

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी फिलाडेल्फियात एनियाक या संगणकाचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. तोफगोळ्याचा मार्ग काढणारा प्रोग्राम बेट्टी स्नायडर (पुढे होलबर्टन) आणि जीन जेनिंग्ज यांनी बसवला होता. रात्री मेजवानी झाली. एनियाकच्या सहाही प्रोग्रामर मुलींना तिचं बोलावणं नव्हतं.

हे सांगितलं की लोक ‘विस्मृतीत गेलेल्या’ बायकांबद्दल हळहळतात आणि मोकळे होतात. माझा आक्षेप या हळहळण्यालाच आहे. ही विस्मृती आपोआप आलेली नाही. यंत्र बांधणं ही विद्या आणि त्याच्याकडून काम करून घेणं ही कारकुनी, अशी वाटणी आधीच झाली होती. ती कारकुनी बायकांकडे होती.

त्या ‘कारकुनी’तून काय निघालं? १९५१ मध्ये होलबर्टनने युनिव्हॅकसाठी सॉर्ट-मर्ज जनरेटर लिहिला. फायलींचं वर्णन द्यायचं, की त्या क्रमाने लावणारा प्रोग्राम तो स्वतःच तयार करी. प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम! कंपायलरची वाट या कामाने दाखवली, असं श्रेय खुद्द ग्रेस हॉपरने तिला दिलं.

आज एआय कोड लिहितं म्हणून आमच्या क्षेत्रात उत्सव चाललाय. आणि त्याच टीम्समध्ये टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन ‘मुलींना छान जमतं’. आर्किटेक्चर ठरवायला मात्र मुलगे बसतात. वाटणी तीच, नावं नवी.

तेव्हा महिला दिनाला होलबर्टनचा फोटो लावू नका. कंपायलर शिकवताना पहिल्याच तासाला तिचा जनरेटर शिकवा. आणि पुढच्या डिझाइन मीटिंगला कोणाला बोलावलं नाही, तेही बघा.